शेजार पन्नास फुटांवर, रस्ता सात मैलांचा

अमेरिकेतला सगळ्यात दाटीवाटीचा महानगरी पट्टा कोणता, असा प्रश्न क्विझमध्ये आला तर बहुतेक जण डोळे मिटून न्यूयॉर्क म्हणतील आणि हातचे गुण घालवतील. उत्तर आहे लॉस एंजेलिस. हो, तेच. मैलोन् मैल पसरलेलं, गाडीशिवाय पान न हलणारं, पसरट शहर म्हटलं की ज्याचं नाव आधी घेतात ते. २०१० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसच्या सलग नागरी पट्ट्यात दर चौरस मैलाला सुमारे ७,००० माणसं भरली. न्यूयॉर्कच्या पट्ट्यात भरली सुमारे ५,३००. मॅनहॅटनचे मनोरे मध्यभागी कितीही उंच असले, तरी हिशेबात न्यू जर्सी आणि लाँग आयलंडची हिरवळवाली बैठी घरंही धरावी लागतात. सरासरी तिथे घसरते.

थोडक्यात, माणसं मोजून शहराचा पसारा कळत नाही. मग मोजायचं काय?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातले अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी उत्तर दिलं: रस्ते मोजा. रुंदी नको, लांबी नको, खड्डे तर नकोतच. एक रस्ता दुसऱ्याला भेटतो की नाही, एवढंच बघा.

चौकाला चार, तिठ्याला तीन

पद्धत पाचवीतल्या पोराला जमेल अशी आहे. नकाशा घ्या. रस्ते जिथे भेटतात तिथे टिंब काढा. त्या टिंबापासून जितक्या दिशांना जाता येतं तितके गुण द्या. चौकाला ४, तिठ्याला ३. रस्ता तिथेच संपला, समोर भिंत आणि भिंतीवर ‘येथे वाहन लावू नये’, तर १. नुसतं वळण असेल तर ते मोजायचंच नाही. वळणावर कोणी कोणाला भेटत नाही. सगळ्या गुणांची सरासरी काढली की झालं.

आता गंमत बघा. अख्खी वस्ती पाटीवरच्या रेघांसारखी आडवी-उभी आखली असेल, तर सरासरी ४ च्या आसपास जाते. उलट, एका मुख्य रस्त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला भिंत असा झाडछाप नकाशा असेल, तर सरासरी २ च्याही खाली राहते. तिठे कितीही काढा, रस्ते कितीही लडिवाळ वळवा, फांद्या एकमेकींना टेकत नाहीत तोवर आकडा २ ओलांडतच नाही. गणिताचा नियमच आहे तो. बिल्डरला विनंती करून उपयोग नाही.

या गणिताचं मूळ १७३६ सालचं. कोनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरून येता येईल का, असा लोकांचा विरंगुळ्याचा प्रश्न होता. लेओनार्ड ऑयलरने शहराकडे ढुंकूनही न पाहता सांगितलं की येणार नाही. जमिनीच्या चार तुकड्यांना अनुक्रमे ५, ३, ३ आणि ३ पूल होते. चारही आकडे विषम, म्हणून खेळ खलास. आज ते शहर रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद आहे. पूल बदलले, देश बदलला, ऑयलरची टिंबं आणि रेघा मात्र जगभरच्या नगररचनाकारांच्या संगणकात जाऊन बसल्या.

या शास्त्रात ‘पूल’ नदीवरच असावा लागत नाही. जो एक रस्ता बंद झाला की वस्तीचे दोन तुकडे पडतात, तो पूल. पावसाळ्यात एक भुयारी मार्ग तुंबला की ज्यांना ऑफिसात फोन करून ‘आज घरूनच’ सांगावं लागतं, त्यांना ही व्याख्या समजावून सांगायची गरज नाही.

नुसता चौकोनही फसवतो

सगळे चौकच चौक असले की शहर चालायला उत्तम, असं मात्र नाही. अमेरिकेतलंच सॉल्ट लेक सिटी बघा. मॉर्मन पंथीयांनी वसवलेलं, फूटपट्टी लावून आखलेलं. चौकांचे गुण जवळजवळ पैकीच्या पैकी. पण तिथला एकेक ठोकळा (चार रस्त्यांमधला जमिनीचा तुकडा) ६६० फूट लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे बरोबर दहा एकरांचा. मधले रस्ते १३२ फुटी. बैलांची अख्खी गाडी रस्त्यातच वळवता यावी म्हणून एवढे रुंद ठेवले, असं सांगतात. बैल वळत असतील आरामात, पण समोरच्या दुकानात जायचं तर पायी माणसाची ट्रीप निघते.

ओरेगनमधल्या पोर्टलंडचा ठोकळा २०० फुटी. रस्ते धरून हिशेब केला तर सॉल्ट लेकच्या एका ठोकळ्यात पोर्टलंडचे नऊ मावतात. दोन्हीकडे चौकाला चारच गुण, पण एकीकडे मिनिटाला चौक येतो आणि दुसरीकडे चौकाची वाट बघावी लागते. म्हणून अभ्यासक एका आकड्यावर थांबत नाहीत. एका चौरस किलोमीटरमध्ये जोड किती, वळसा किती पडतो, बंद टोकं किती, हे सगळं एकत्र घोटतात.

जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात छोट्या ठोकळ्यांसाठी एक पूर्ण प्रकरण खर्ची घातलं. त्यांचं उदाहरण मॅनहॅटनच्या ८८ व्या रस्त्याचं. तिथले लांबट ठोकळे ८०० फुटांचे. अशा रस्त्यावर राहणारा माणूस रोज त्याच एका वाटेने जातो-येतो, आणि शेजारचा ८७ वा किंवा ८९ वा रस्ता वर्षानुवर्षं त्याच्यासाठी परमुलुख राहतो. तिथल्या दुकानदारालाही हा गिऱ्हाईक कधी दिसत नाही. बाईंकडे नगररचनेची पदवी नव्हती. चालण्याची सवय होती, आणि माझ्या मते या विषयात तीच जास्त कामाची.

वळशाचंही एक गोंडस गणित आहे. काटकोनी रस्त्यांच्या गावात कावळ्याच्या उड्डाणाने एक किलोमीटरवर असलेल्या ठिकाणी जायला जास्तीत जास्त १.४१ किलोमीटर चालावं लागतं. सगळ्या दिशांची सरासरी काढली तर १.२७. म्हणजे चौकोनी गाव तुमच्याकडून फार तर चाळीसेक टक्के जादा चाल वसूल करतं, त्याहून एक पाऊल जास्त नाही. झाडछाप वस्तीत अशी कमाल मर्यादाच नाही.

कुंपणापलीकडचा परदेश

त्या मर्यादा नसण्याचा सर्वात प्रसिद्ध नमुना फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ आहे. दोन घरं, पाठीला पाठ लागून. अंतर सुमारे ५० फूट. मागच्या अंगणातून साखर मागितली तर वाटी हातोहात देता येईल. पण दोन्ही घरं वेगवेगळ्या वसाहतींत, आणि वसाहती एकमेकींना जोडलेल्याच नाहीत. नकाशात रस्त्याने जायचा मार्ग विचारला तर उत्तर येतं: सुमारे ७ मैल. म्हणजे ११ किलोमीटर. पुण्यात स्वारगेटहून निघालेला माणूस एवढ्या अंतरात शहराचं दुसरं टोक गाठायला आलेला असतो.

बंद गल्लीची कुळकथा

रस्ता मुद्दाम बंद ठेवायची कल्पना आली कुठून? गाड्यांच्या गर्दीवर उतारा म्हणून, असं सगळे गृहीत धरतात. खरं तर गाड्यांची सद्दी सुरू होण्याआधीच ही टूम निघाली होती.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या कोंदट, रोगट गल्ल्यांना कंटाळून नियम करून टाकले होते: रस्ता सरळ हवा, रुंद हवा, आरपार हवा. बंद गल्लीला मनाई. पण लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब नावाची देखणी उपनगरी उभी राहणार होती, आणि वास्तुकार रेमंड अन्विन यांना तिथे शांत, बंद टोकाचे रस्ते हवे होते. त्यासाठी १९०६ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा केला. गल्ली बंद ठेवता यावी म्हणून संसदेची मंजुरी! आपल्याकडे हे काम दोन मोटारसायकली आणि एक मांडव करतात.

मग ही कल्पना अटलांटिक ओलांडून १९२९ मध्ये न्यू जर्सीतल्या रॅडबर्नला पोचली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या जोडीने ‘मोटारयुगाचं गाव’ म्हणून ते आखलं. घरं बंद गल्ल्यांभोवती, गाड्या एका बाजूला, आणि घरांच्या दुसऱ्या बाजूला बागा, बागांतून पायवाटा, मोठा रस्ता आला की त्याच्याखालून बोगदा. पोराने घरातून निघावं आणि एकही गाडीरस्ता न ओलांडता शाळेत पोचावं, हा त्यातला विचार. योजना सुंदर होती. पण त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि रॅडबर्न अर्धवट राहिलं.

पुढचं खरं नाट्य. बिल्डरांनी रॅडबर्नची नक्कल केली, पण निवडून. बंद गल्ली उचलली, बागेतली पायवाट गाळली. पायवाटेचे पैसे कोण देणार? यात सरकारने तेल ओतलं. घरकर्जाला हमी देणारं अमेरिकेचं सरकारी खातं १९३४ मध्ये सुरू झालं होतं. त्याने १९३६ मध्ये एक पुस्तिका काढली: चौकोनी रस्ते उधळपट्टीचे आणि धोक्याचे, वळणदार आणि बंद रस्ते चांगले, सोबत आकृत्या. कायदा नव्हता, सल्ला होता. पण ज्याच्या शिक्क्याशिवाय गिऱ्हाइकाला कर्ज मिळायचं अवघड, त्याचा सल्ला कोण मोडणार? ‘साहेबांना हा नकाशा आवडतो’ एवढं वाक्य अर्ध्या खंडाचा नकाशा ठरवायला पुरलं.

१९९४: उलटा फिरलेला काटा

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांनी २०१५ मध्ये १९२० ते २०१२ पर्यंतचा अमेरिकेचा आलेख मांडला. जवळजवळ शंभर वर्षांत कोणता रस्ता कधी झाला, हे कळलं कसं? रस्त्यावर जन्मतारीख लिहिलेली नसते. पण मालमत्ता कराच्या नोंदीत घर कधी बांधलं ते असतं. घराचं साल तेच साधारण त्याच्या पुढच्या रस्त्याचं. करवसुलीच्या दप्तरातून इतिहास काढायची ही युक्ती मला फार आवडली. एरवी त्या दप्तरातून नुसती थकबाकी निघते.

आलेखाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, रस्ते तुटक व्हायला लागले ते घरोघरी गाडी येण्याच्या बरंच आधीपासून. म्हणजे गाडीने तुटक शहर घडवलं ही अर्धीच कथा. तुटक शहराने गाडी घ्यायला लावली, ही उरलेली अर्धी. दोन, हा तुटकपणा वाढत वाढत १९९४ च्या सुमारास शिगेला पोचला आणि मग चक्क उतरू लागला. जोडाच्या सरासरी गुणांवरून पाहिलं तर १९९४ ते २०१२ मध्ये पसरटपणा सुमारे ९ टक्क्यांनी घटला. ज्या गावांनी रस्ते जोडायचे नियम केले तिथे सुधारणा जास्त दिसली.

नियम कसा, तर व्हर्जिनिया राज्याचा मासला बघा. तिथे वसाहतींतले बहुतेक रस्ते सांभाळायची जबाबदारी राज्य सरकारवर आहे, हे अमेरिकेत दुर्मीळ. २००९ मध्ये राज्याने बिल्डरांना बजावलं: नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्यांना जोडलेले नसतील तर आम्ही ते ताब्यात घेणार नाही. खड्डे तुमचे, बर्फही तुमचा, फावडं आणा. पुढे २०११ मध्ये या नियमांची धार थोडी बोथट झाली, पण बंद गल्लीला थेट पैशांची भाषा ऐकवायची कल्पना नामी होती.

गुलाबाच्या पाकळ्या

एक फटाफट गोष्ट. जेफ बोइंग या अभ्यासकाने जगातल्या १०० शहरांच्या रस्त्यांच्या दिशा गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या गोल तक्त्यांवर मांडल्या. २०१९ मध्ये छापलेल्या या यादीत शिकागो सगळ्यात शिस्तीचं निघालं: चार दिशांना चार काड्या, बस. सगळ्यात विस्कळीत निघालं अमेरिकेतलंच शार्लोट; तिथल्या रस्त्यांना दिशा म्हणून नाहीच, सगळ्या पाकळ्या सारख्या. रोमसारख्या अडीच हजारांहून अधिक वर्षांच्या शहराला बाजूला सारून हा मान एका अमेरिकन बँकनगरीने पटकावला, याबद्दल रोमकरांनी हळहळावं की हुश्श म्हणावं, ते त्यांनी ठरवावं.

चार कोटी साठ लाख किलोमीटर

अमेरिका झाली. मग बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या जोडगोळीने अख्खी पृथ्वी घेतली. नकाशा आला ओपनस्ट्रीटमॅपमधून. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या इंग्रज गृहस्थाने सुरू केलेला हा फुकटचा नकाशा. जगभरचे हौशी लोक आपापली गल्ली त्यात काढतात. त्यातले सगळे ४ कोटी ६० लाख किलोमीटर रस्ते तपासून २०१९ मध्ये तुटकपणाचा एक निर्देशांक तयार झाला. रस्त्यांच्या जाळ्यांचे आठ प्रकार निघाले: एका टोकाला काटकोनी, दुसऱ्या टोकाला झाडछाप आणि वळसेदार.

निकाल असा. रस्ते सगळ्यात चांगले जोडलेले भाग: लॅटिन अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, युरोपचा बराच भाग आणि उत्तर आफ्रिका. सगळ्यात तुटक: आग्नेय आशिया, अमेरिका आणि ब्रिटिश बेटं. काही श्रीमंत देशांत ताडून पाहिलं, तेव्हा रस्ते जितके तुटक तितक्या घरटी गाड्या जास्त, हेही दिसलं.

लॅटिन अमेरिकेच्या यशाचं श्रेय एका स्पॅनिश राजाला द्यावं लागतं. दुसऱ्या फिलिपने १५७३ मध्ये वसाहतींतल्या नव्या गावांसाठी फर्मान काढलं: मधोमध चौक, तिथून दोरी लावून सरळ रस्ते. गावं आधीपासून तशी वसतच होती, फर्मानाने शिक्का मारला. राजा माद्रिदजवळ कागदांच्या ढिगात बसून राज्य करायचा, त्याने अमेरिका खंड पाहिलाही नव्हता. तरी ब्वेनोस आइरेसमधला माणूस आजही अंतर सांगताना किलोमीटर नाही, ‘इतके ठोकळे’ असं सांगतो.

दुसऱ्या टोकाला बँकॉक. तिथल्या गल्लीला सोय म्हणतात, आणि या सोयीची सोय नेमकी उलटी: लांबच लांब आत जाते आणि संपते. मग सगळी वाहतूक मोजक्या मोठ्या रस्त्यांवर येऊन तुंबते आणि आत-बाहेर करायला गल्लीच्या तोंडाशी केशरी जाकीटवाले मोटारसायकल टॅक्सीवाले उभे असतात. रस्त्याच्या आराखड्यातली चूक एका अख्ख्या धंद्याचं पोट भरते.

आणि काळानुसार? २०२० मध्ये याच दोन संशोधकांनी उपग्रहांच्या जुन्या चित्रांवरून १९७५ पासूनची वाढ पाहिली. सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्क्यांत नव्या वस्त्यांचे रस्ते १९७५ नंतर अधिक तुटक झाले. २००० नंतर सुधारणेची चिन्हं फक्त २९ टक्के देशांत. याच काळात फाटकबंद वसाहतींत आढळणाऱ्या वळसेदार जाळ्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. अमेरिकेने १९९४ च्या सुमारास जी वाट सोडायला सुरुवात केली, तिच्यावर बाकीचं जग रांग लावून निघालं.

बांधापाशी रस्ता संपतो

महाराष्ट्रात याची सुरुवात उलट, फार चांगली झाली होती, आणि ती प्लेगने करून दिली. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आरपार काढले. गर्दी उत्तरेला हलवण्यासाठी दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीत आज पायी फिरून बघा. एक गल्ली खोदून ठेवली असेल तर शेजारची असते, आणि पाचव्या मिनिटाला तुम्ही पुन्हा ओळखीच्या कोपऱ्यावर.

मग १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला. त्यातली टी. पी. स्कीम म्हणजे सरळ व्यवहार होता: सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, प्रत्येकाकडून थोडा हिस्सा रस्त्यांना काढायचा आणि उरलेले नीटस प्लॉट ज्याचे त्याला परत. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्ये याच धर्तीचा कायदा झाला होता. जपाननेही हीच रीत अंगीकारून शहरं वाढवली. जपान वरच्या शहाण्या यादीत आहे, त्यामागे ही रीतही असावी. गुजरातने ती धरून ठेवली, अहमदाबादचे नवे भाग तिच्यावर उभे आहेत. महाराष्ट्रात ती मागे पडली.

त्याऐवजी काय झालं, ते कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला दिसतं. एक गट नंबर विकला जातो, एनए होतो, त्याचा ले-आउट पास होतो. आत फरसबंदी, पाम, कारंजं. रस्ता जातो आणि जिथे शेताचा बांध होता तिथे थांबतो, कारण पलीकडचा गट नंबर दुसऱ्याचा. त्याने विकला की त्याचाही ले-आउट, त्याचंही फाटक, त्याचाही वॉचमन. जुना बांध बैलालाही ओलांडता यायचा, आता त्यावर आठ फुटी भिंत आणि वर काचा. बांधावरून दोन पिढ्या भांडल्या, तिसऱ्या पिढीने त्याचं काँक्रीट करून टाकलं.

पुणे महापालिकेत याला एक छानसा शब्द रुळलाय: मिसिंग लिंक. विकास आराखड्यात रस्ता सलग दाखवलेला असतो, जागेवर मधला तुकडा नसतो. कुठे जमीन ताब्यात नाही, कुठे दावा कोर्टात. ऑयलरच्या भाषेत बोलायचं तर टिंबं आहेत, रेघ राहिली. आणि अशी पाच-पन्नास मीटरची रेघ नसल्यामुळे दोन्हीकडची वाहतूक वळसा घालून एकाच मुख्य रस्त्यावर उतरते. मग त्या मुख्य रस्त्यावर उड्डाणपूल मागितला जातो. उड्डाणपुलाला नारळ फुटतो, फ्लेक्स लागतात. तीस मीटरच्या जोडरस्त्याचं उद्घाटन करायला कोणता नेता येईल? हे राजकारण समजलं नाही तर शास्त्र कितीही पक्कं असो, उपयोग शून्य.

नवी मुंबईत सिडकोने १९७० पासून सेक्टर आखले, चंडीगढला ल कॉर्बुझियेने ८०० मीटर बाय १२०० मीटरचे सेक्टर दिले. दोन्ही नकाशे लांबून चौकटीचे दिसतात. पण चंडीगढच्या मोठ्या रस्त्यावरून सेक्टरात शिरायच्या जागा मुद्दाम मोजक्या ठेवल्या आहेत. म्हणून त्या चौकटीला शिकागोची बहीण समजू नये.

गाडीला बंद, पायाला खुली

आता आकड्यांना चकवणारी मंडळी. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टजवळ हाउटन नावाचं गाव आहे. तिथे एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत गाडीने जायचं तर आधी गावाबाहेरच्या वर्तुळरस्त्यावर जाऊन फेरी मारून यावं लागतं. सायकलने? सरळ, मधून, बागेच्या कडेने. ग्रोनिंगनने १९७७ मध्ये जुन्या शहरात हेच केलं: मध्यभागाचे चार तुकडे पाडले, एकातून दुसऱ्यात थेट गाडी न्यायला बंदी, सायकलला मोकळीक. व्यापारी खवळले होते. आज ते शहर सायकलींसाठीच ओळखलं जातं.

गाड्यांच्या नकाशावर हाउटन जगातल्या वाईट गावांत बसेल आणि पायी माणसाच्या नकाशावर उत्तम गावांत. नापास आणि पहिला नंबर एकाच प्रगतिपुस्तकात. म्हणून कोणी निर्देशांक तोंडावर फेकला की विचारावं: कोणाचे रस्ते मोजलेत, चाकाचे की पायाचे? रॅडबर्नची नक्कल करणाऱ्यांनी जी पायवाट गाळली होती, ती डच लोकांनी परत लावली आणि खेळ उलटा केला.

एक तिरपागडी गोष्टही इथेच सांगून टाकतो. रस्ता जोडला की वाहतूक सुधारतेच असं नाही. डीट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक जण आपल्यापुरता जवळचा मार्ग पाहत असेल, तर एक नवा रस्ता उघडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. अभियंत्यांना हे पचायला जड जातं, कारण रस्ता न बांधण्याचं टेंडर निघत नाही.

आग लागली तरी गल्ली तीच

१६६६ मध्ये लंडन जळालं. राख निवाली नसेल तोवर ख्रिस्तोफर रेन राजाकडे नवा नकाशा घेऊन हजर: रुंद सरळ रस्ते, मोठमोठे चौक. जॉन इव्हलिननेही आपला नकाशा दिला, रॉबर्ट हूकनेही. शहर मोकळं पडलं होतं, असा मोका शतकात एकदा येतो. पण जमिनींचे मालक आपापल्या राखेच्या ढिगावर ठाण मांडून होते. हद्द तीच, दार तिथेच. बऱ्याच गल्ल्या थोड्या रुंद झाल्या आणि लंडन जुन्याच वाटांवर पुन्हा उभं राहिलं. रेनच्या वाट्याला चर्च आली, सेंट पॉलचा घुमट आला, रस्ते काही आले नाहीत.

इमारत पाडून वीस मजली करता येते, बंगल्याच्या जागी टॉवर येतो, एफएसआय वाढवून मिळतो. नाला बुजवतात, टेकडी कापतात. पण एकदा गल्ली बंद पडली आणि तिच्या टोकाला कोणाचं पार्किंग झालं, की ती उघडायला संसद काय, आगही पुरत नाही. अमेरिकेच्या आलेखातही हेच आढळलं: जिथे पहिल्या वस्तीचे रस्ते तुटक होते, तिथली पुढची वाढही तुटकच झाली.

घरच्या घरी करून बघायचं असेल तर रविवारी सकाळी आपल्या भागाचा नकाशा मोबाइलवर मोठा करा. चौकाला ४, तिठ्याला ३, भिंतीला १. सरासरी काढा. ३ च्या वर आली तर दूध आणायला जाताना वाट बदलायची चैन तुम्हाला परवडते. अडीचच्या खाली आली तर पेट्रोलचं बजेट वेगळं काढा. नवा फ्लॅट बघायला जाणार असाल तर क्लब हाउस, पोडियम गार्डन आणि अडीच मजली लॉबी दाखवून झाल्यावर विक्रीवाल्याला एकच विचारा: मागच्या भिंतीत दार आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?